माठ आणि माणूस



उन्हाळा आला की घराच्या कोपऱ्यात तिवईवर माठ येऊन बसतो. नागपूर असो, इंदूर असो वा दिल्ली, त्याचे पाणी पिऊन जीव निवतो. आणि शाळेतील मुले 'बाष्पीभवनाने थंडावा निर्माण होतो' हे वाक्य पाठ करतात. मीही ते पाठ केले होते. पुढे मी साहित्य विषय घेऊन एम. ए. झालो आणि ते विसरलो. त्याचा अर्थ मला सरकारी नोकरीत कळला, आणि तोही माझ्या एका चुकीतून.

नागपूरहून माझी बदली कोकणच्या किनाऱ्यावर झाली. सामानाबरोबर माठही आला. परंतु तेथे त्यातील पाणी काही केल्या गार होईना. शिपाई म्हणाला, "साहेब, माठ जुना झाला. छिद्रं बुजली असतील." नवा माठ आणला, त्याचीही तीच गत. पुढे मे महिन्यात रस्त्याच्या कामावरील मजुरांना दुपारी सुट्टी द्यावी काय, असा प्रश्न माझ्यापुढे आला. तापमापक 35 अंश दाखवीत होता. 45 अंशांचे उन्हाळे काढलेल्या मला ते क्षुल्लक वाटले. काम चालू ठेवण्यास मी सांगितले. तिसऱ्या प्रहरी एक मजूर बाई चक्कर येऊन कोसळली. सुदैवाने ती वाचली. माठ मला कित्येक दिवस जे सांगत होता, ते मी ऐकले नव्हते.

माठ काय सांगत होता? पाण्याचे सगळे रेणू सारख्या वेगाने धावत नाहीत. जे अतिशय वेगवान असतात तेच पृष्ठभाग सोडून हवेत उडून जातात. वर्गातील हुशार मुले दुसऱ्या तुकडीत गेली की उरलेल्या वर्गाची सरासरी उतरते, तसेच येथे होते. वेगवान रेणू गेले की उरलेल्यांचा सरासरी वेग कमी होतो. आणि हा वेग कमी होणे म्हणजेच पाणी गार होणे. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापविण्यास एक कॅलरी उष्णता पुरते; पण तेवढ्याच पाण्याची वाफ होण्यास उन्हाळ्याच्या तापमानात सुमारे 580 कॅलरी लागतात. ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकात शोधून काढलेली अप्रकट उष्णता ती हीच. बाहेरून उष्णता आत आली नाही, तर एक पेला पाणी उडून जाताना 58 पेले पाणी दहा अंशांनी थंड करील!

मात्र हवेत आधीच बाष्प भरलेले असेल, तर जितके रेणू बाहेर पडतात जवळजवळ तितकेच परत येतात. मग माठ बिचारा काय करणार? किनाऱ्यावर दोष माठाचा नव्हता, दमट हवेचा होता.

आणि आपले शरीर तरी काय, एक माठच आहे. भोवतालची हवा त्वचेहून उष्ण झाली की घाम उडून जाण्यावाचून त्याला दुसरी वाट नाही. 1775 साली चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी लंडनमधील काही प्रयोग प्रसिद्ध केले. सुमारे 127 अंशांच्या कोरड्या खोलीत माणसे काही मिनिटे राहून सुखरूप बाहेर आली. तेथे ठेवलेली अंडी मात्र शिजून कठीण झाली. त्याच प्रयोगांत उघडे ठेवलेले पाणी उकळले नाही. पण त्यावर तेलाचा पातळ थर देऊन बाष्पीभवन थांबविताच ते उकळू लागले. दमट हवा आपल्या घामावर असाच थर पसरते. टपटप गळणारा घाम शरीर निववीत नाही. उडून जाणारा घामच निववितो.

विद्यार्थीमित्रांनो, एक साधा प्रयोग करा. दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा आणि दोघांना वारा घाला. दोहोंच्या आकड्यांत पुष्कळ अंतर पडले, तर हवा कोरडी आहे. घाम काम करील, मात्र गेलेले पाणी पिऊन भरून काढले पाहिजे. अंतर थोडे असेल आणि ओल्या फडक्याचा आकडाही चढलेला असेल, तर सावध व्हा. तो 35 अंशांवर गेला, तर सावलीत स्वस्थ बसलेले निरोगी शरीरही फार काळ तग धरू शकणार नाही, असे गणित सांगते. आणि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तरुण, निरोगी माणसांचीही मर्यादा त्याहून खालीच आढळली. कष्टाचे काम करणाऱ्याची मर्यादा तर आणखी खाली.

त्या दिवसानंतर आमच्या कामाची वेळ पहाटेची झाली. आदेशाच्या कागदावर मी कारण लिहिले, 'हवेतील आर्द्रता'. खरे म्हणजे 'माठाचे पाणी गार होत नाही' एवढे लिहिले असते तरी चालले असते. ते त्या बाईलाही समजले असते.