आधी हार्मोन, मग एमआरआय

आज कुशिंगच्या आजाराविषयी, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन फार वाढण्याविषयी बोलायचं आहे. वेळ थोडा आहे, म्हणून मुद्द्याचं आधीच सांगतो: पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीचा एमआरआय सगळ्यात आधी काढू नका. रुग्ण येतात तेच हातात फिल्मचं पाकीट घेऊन. ‘डॉक्टर, डोक्यात गाठ निघालीय.’ अहो, धडधाकट माणसांचे एमआरआय काढले, तरी दहांतल्या साधारण एकाच्या पिट्युटरीत बारीक ठिपका सापडतो. उलट कुशिंगची खरी गाठ बहुधा काही मिलिमीटरची; कित्येकदा फिल्मवर दिसतही नाही.

वजन वाढलं म्हणून प्रत्येकानं कुशिंगला घाबरायचं कारण नाही. पण पोटावर रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं होणं, उकिडवं बसल्यावर आधाराशिवाय उठता न येणं, किंवा मूल जाड होतंय आणि उंची मात्र थांबलीय, असं असेल तर तपासाच.

कॉर्टिसोलचं आपल्या नळाच्या पाण्यासारखं असतं. सकाळी जोर, मध्यरात्री जवळपास कोरडं. सकाळी नळ सगळ्यांकडेच वाहतो, म्हणून सकाळच्या नुसत्या एका कॉर्टिसोलवरून कुशिंगचं निदान होत नाही. रात्री अकरा-बाराला लाळ तपासायची, तीही किमान दोन रात्री. (रात्रपाळीवाल्यांच्या पाण्याची वेळच निराळी, तेव्हा पाळी असेल तर सांगा.) किंवा रात्री अकराला डेक्सामेथासोनची 1 मिलिग्रॅम गोळी आणि सकाळी आठला रक्त. ही गोळी म्हणजे मुख्य कॉक बंद करणं. निरोगी माणसाचं कॉर्टिसोल मग डेसिलिटरला 1.8 मायक्रोग्रॅमच्या खाली येतं. कॉक बंद करूनही धार सुरूच राहिली, तर गळती कुठली ते शोधायला एसीटीएच, म्हणजे कॉर्टिसोल वाढवणारं पिट्युटरीचं हार्मोन, तपासायचं. ते दबलेलं असेल तर मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीकडे बघायचं, नसेल तर बहुधा पिट्युटरीकडे. एमआरआयची पाळी आत्ता आली, आधी नव्हे!

आणि हे सगळं करण्याआधी गोरेपणाची क्रीम, सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या, दम्याचा पंप, गुडघ्यातलं इंजेक्शन, काहीही लपवू नका. यांतून स्टिरॉइड जात असेल तरी चेहरा कुशिंगसारखाच गोल होतो. मात्र स्टिरॉइड आपल्या मनानं एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. गर्भनिरोधक गोळ्याही सांगा, त्यांनी आकडा फुगतो.

एसीटीएच दबलेलं नाही आणि फिल्म कोरी, असं झालं तर जांघेतल्या शिरेतून नळी घालून पिट्युटरीजवळचं दोन्ही बाजूंचं रक्त तपासता येतं. त्याचं सविस्तर आज सांगता येणार नाही. पण फिल्म कोरी आली म्हणून घरी बसू नका.