सुट्टीचा महिना आणि यात्रेचा ऋतू

पुंडलिकनगरातील कुटुंबे प्रवासाचा बेत करतात तो शाळेची सुट्टी पाहून. परंतु भरतखंडासारख्या विस्तीर्ण देशात एकाच महिन्यात सर्वत्र एकच ऋतू नसतो. दिवाळीत मराठवाड्याचे आकाश निवळते, तेव्हा रामेश्वराकडे ईशान्येचा पाऊस सुरू होतो. तेथून जवळचे धनुष्कोडी १९६४ च्या डिसेंबरातील वादळाने उद्ध्वस्त झाले. उलट श्रावणात लेह बहुधा कोरडे असते; बहुधा अशासाठी की, २०१० च्या ऑगस्टात तेथेही ढगफुटीने अनेकांचे बळी घेतले.

केदारनाथाचा प्रश्न अधिक बिकट. साडेतीन हजार मीटरांहून उंच असलेले हे देवालय वैशाखाच्या सुमारास उघडते व भाऊबीजेला बंद होते. आपल्याकडील शाळा जूनच्या मध्यास उघडतात. तेव्हा ‘अजून आठ दिवस आहेत’ म्हणून पुष्कळ मंडळी ऐन पावसाच्या तोंडावर निघतात. २०१३ साली मान्सून उत्तरेत नेहमीपेक्षा कितीतरी आधी पोहोचला. १६ व १७ जूनला अतिवृष्टी झाली, चोराबारी सरोवर फुटले आणि हजारो माणसे प्राणास मुकली.

वृद्ध मातापितरांना न्यावयाचे असल्यास नवरात्रानंतरचे दिवस पाहावेत. थंडी कडक असते, पण पाऊस बहुधा ओसरलेला असतो. मुलांची सहामाही परीक्षा आड येतेच. तेव्हा त्यांना आत्याकडे ठेवून थोरांनीच निघावे.