थंड समुद्राकाठची द्राक्षं



व्याख्यानमालेत वाइन हा विषय कशाला, असं काहींच्या मनात येईल. आज पिण्याबद्दल मी थोडंच बोलणार आहे. एक पीक, एक किनारा आणि त्या किनाऱ्यावरची थंडी, एवढ्याबद्दल मुख्यतः सांगायचं आहे. द्राक्षाचे मांडव बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

स्पेनच्या वायव्य टोकाला, पोर्तुगालच्या डोक्यावर गॅलिसिया नावाचा प्रांत आहे. स्पेन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रखरखीत ऊन आणि ऑलिव्हची झाडं येतात. गॅलिसियात तसलं काही दिसत नाही. तो हिरवागार, ओला, दगडी घरांचा मुलूख आहे. दक्षिण किनाऱ्यावर वर्षाला साधारण 1,600 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बराचसा शरद आणि हिवाळ्यात. नद्यांच्या जुन्या खोऱ्यांत अटलांटिक समुद्र चढून आला आणि लांबच लांब खाड्या तयार झाल्या. या खाडीला तिथे ‘रिआ’ म्हणतात. दक्षिणेकडच्या खाड्या म्हणजे रिआस बायशास. त्यांच्या काठी अल्बारिन्यो जातीच्या द्राक्षापासून जी पांढरी वाइन करतात, तिच्याबद्दल मी बोलतो आहे.

ही वाइन ग्लासात ओतली की फिकट पिवळी दिसते, कडेला किंचित हिरवट झाक. नाकाशी नेली की लिंबाच्या सालीचा आणि पीचचा वास येतो. पहिल्या घोटाबरोबर जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटतं आणि घोट गिळल्यावरही खारटपणाची एक पुसट रेघ तोंडात राहते. ग्रॅनाइटच्या जमिनीची चव वाइनमध्ये उतरते, असं विक्रेते सांगतात. खडकाची चव मुळांवाटे मण्यात जाते याला शास्त्राचा आधार नाही. ग्रॅनाइटच्या भरड रेतीतून पाण्याचा झटकन निचरा होतो आणि एवढ्या पावसात वेलीची मुळं कुजत नाहीत, ही त्या जमिनीची खरी कामगिरी. तोंडाला पाणी सुटतं ते आंबटपणामुळे, आणि तो आंबटपणा थंडीने राखलेला असतो.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. द्राक्षाच्या मण्यात दोन मुख्य आम्लं असतात. एक टार्टारिक, जे चिंचेत असतं. दुसरं मॅलिक, जे कच्च्या सफरचंदात असतं. आपले बागायतदार ज्याला मण्यात पाणी उतरणं म्हणतात, त्या अवस्थेपासून मण्यात साखर भरू लागते आणि त्याच वेळी मॅलिक आम्ल श्वसनात खर्च होऊ लागतं. हवा जितकी तापेल तितका हा खर्च वाढतो. कैरी पाडाला लागली की तिचा आंबटपणा ओसरतो, तसंच काहीसं. उष्ण मुलखात साखर भराभर चढते आणि आम्ल तितक्याच वेगाने उतरतं, मग वाइनला मद्यार्काचा जोर येतो पण धार राहत नाही. गॅलिसियाच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यातही दुपारचं तापमान बहुधा 25 अंशांच्या आसपास राहतं. सप्टेंबरात घड उतरवतात तेव्हा मणी पुरेसा गोड झालेला असतो आणि आम्लही शाबूत असतं.

आता ही थंडी येते कुठून? माद्रिद याहून दक्षिणेला फार दूर नाही, आणि तिथला उन्हाळा भाजून काढतो. याचं उत्तर समुद्रात आहे. उन्हाळ्यात या किनाऱ्यालगत उत्तरेकडून वारा वाहतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने लोटलेलं वरचं पाणी उजवीकडे वळतं. म्हणजे इथे ते किनारा सोडून पश्चिमेला जातं. त्याची जागा भरायला खोलवरचं पाणी वर येतं, साधारण 13 अंशांचं. भर ऑगस्टात तिथे समुद्रात उतरणारा माणूस कुडकुडतो. दुपारी जमीन तापली की या गार पाण्यावरची हवा खाड्यांच्या वाटेने आत शिरते आणि थेट मांडवांपर्यंत पोचते.

खालून येणारं हे पाणी नुसतं गार नसतं. त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर असतात. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि त्यांवर मसल्स पोसतात, आपल्या गोव्यात ज्यांना शिणाण्यो म्हणतात त्या. गॅलिसियाच्या खाड्यांत मसल्स वाढवण्यासाठी निलगिरीच्या लाकडाचे तराफे तरंगत असतात, तीन हजारांहून जास्त. एकेका तराफ्याखाली 12 मीटर लांबीचे पाचशेपर्यंत दोर सोडलेले, आणि दोर मसल्सनी गच्च लगडलेला. आरोसाच्या खाडीकाठी उभं राहिलं तर समोर पाण्यात तराफे आणि पाठीशी द्राक्षाचे मांडव. एकाच वाऱ्याने दोन्हींना पोसलं आहे. तिथल्या जेवणात ही वाइन आणि वाफवलेले मसल्स एकत्र येतात ते उगीच नाही.

मांडव हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. वाइनची द्राक्षं म्हटलं की फ्रान्समधल्या कमरेएवढ्या ओळी आठवतात. गॅलिसियात आपल्यासारखा मांडव असतो, ‘पार्रा’. माणसापेक्षा उंच ग्रॅनाइटचे खांब, एकसंध दगडातून तासलेले, त्यांवर ताणलेल्या तारा आणि वर वेलीचं छप्पर. लाकूड कुजलं असतं, दगड पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. घड जमिनीपासून वर टांगल्यामुळे खालून वारा खेळतो आणि दव लवकर सुकतं. ओल्या हवेत हाच जीव वाचवणारा उपाय आहे. डाऊनी आणि भुरी या दोन रोगांची नावं नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला सांगायला नकोत. गॅलिसियाच्या शेतकऱ्याचीही झोप हेच दोघे उडवतात. फ्रान्समध्ये 1885 मध्ये पुढे आलेलं बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक तिथेही फवारलं गेलं आणि इथेही. मांडवाखालच्या सावलीत पूर्वी कोबी आणि बटाटे लावत, कारण जमीन थोडी आणि खाणारी तोंडं फार.

काढणीच्या दिवसांत दिवसभर हात डोक्याच्या वर धरून काम करावं लागतं. एका हाताने घड तोलायचा, दुसऱ्या हातातल्या कात्रीने देठ कापायचा, आणि घड हलकेच साधारण 20 किलोच्या क्रेटमध्ये ठेवायचा. मणी फुटला तर वाटेतच रस आंबायला लागतो. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो, त्यावर माश्या बसतात. या कष्टाला यंत्र नाही, कारण मांडवाखाली ते शिरतच नाही.

जमीन थोडी म्हणालो, ती किती थोडी? रिआस बायशासमध्ये एकूण लागवड चार हजार हेक्टरांच्या पुढे आहे आणि बागायतदार सुमारे पाच हजार. म्हणजे माणशी एक हेक्टरही नाही, आणि तीही वीस हजारांहून अधिक तुकड्यांत विखुरलेली. वाटण्या होत होत शेताचे तुकडे पडले. पोट भरेना म्हणून गॅलिसियाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या क्यूबाला, अर्जेंटिनाला गेली. मागे राहिलेल्यांनी घरापुरती वाइन केली.

मग बदल कसा झाला? 1928 मध्ये काम्बादोस गावच्या फेफिन्यानेसच्या वाड्यातून अल्बारिन्योचं नाव लावलेली बाटली बाहेर पडली. त्याच गावात 1953 पासून अल्बारिन्योची जत्रा भरते, शेतकरी आपापली वाइन घेऊन स्पर्धेला उतरतात. 1980 मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं, पण ते द्राक्षाच्या जातीच्या नावाला. 1986 मध्ये स्पेन युरोपीय समुदायात आला आणि तिथल्या नियमात जातीच्या नावाला असं संरक्षण बसेना. म्हणून 1988 मध्ये प्रदेशाचं नाव पुढे केलं: रिआस बायशास. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. जात कुठेही नेऊन लावता येते. ऑस्ट्रेलियात अल्बारिन्यो समजून अनेकांनी वेली लावल्या, वाइन विकली, आणि 2009 च्या सुमारास जनुकीय तपासणीत ती सावान्यँ नावाची वेगळीच जात निघाली. खाडी मात्र कुणाला उचलून नेता येत नाही.

नावापाठोपाठ शिस्त आली. अल्बारिन्योचं उत्पादन हेक्टरी 12 टनांच्या वर जाता कामा नये. लेबलवर अल्बारिन्यो लिहायचं तर वाइन पूर्णपणे त्याच द्राक्षाची हवी. स्टीलच्या थंड टाक्या आल्या, रस कमी तापमानात सावकाश आंबवता येऊ लागला. मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करणारे जिवाणू असतात. बहुतेक वाइनरी त्यांना थंडीने आणि सल्फाइटने रोखून धरतात. बागेत राखलेला आंबटपणा टाकीत घालवायचा नाही, एवढाच त्यामागचा हिशेब. एक हेक्टरही जमीन नसलेले शेतकरी सहकारी वाइनरीत एकत्र आले. घरापुरती होणारी वाइन परदेशी जाऊ लागली आणि शेतात राहणं परवडू लागलं.

आपल्याकडे काय? नाशिकजवळ 1997 मध्ये सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनँ ब्लाँची लागवड झाली आणि तिथून पुढे महाराष्ट्राची पांढरी वाइन उभी राहिली. नाशिकला थंड समुद्र नाही. आपल्या बागायतदाराने थंडी पंचांगातून मिळवली आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी, या दोन छाटण्यांनी त्याने वेलीचा फळाचा हंगाम हिवाळ्यात आणून ठेवला. सहाशे मीटरांच्या आसपासची उंची आणि डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री, हे आपलं भांडवल. पण फेब्रुवारी उलटला की ऊन चढतं आणि मण्यातलं आम्ल झपाट्याने खाली येतं. मग टाकीत बाहेरून टार्टारिक आम्ल घालावं लागतं. नियमाला ते चालतं, उष्ण देशांत सर्रास करतात, पण वेलीवर राखलेल्या आंबटपणाची सर त्याला येत नाही.

म्हणून सभागृहात जे बागायतदार बसले असतील त्यांना एक विनंती. टेबल द्राक्षाच्या सवयीने आपण वाइनच्या द्राक्षाचीही नुसती गोडी मोजतो. रिफ्रॅक्टोमीटरवर फक्त ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा, बघून काढणीची तारीख ठरवू नका. मण्यात पाणी उतरल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी रसाचं आम्ल आणि पीएच मोजा, वहीत लिहून ठेवा, आणि घड ऊन चढायच्या आत, पहाटेच उतरवा. वाइनरीवाल्यांनी भाव ठरवताना साखरेच्या आकड्याशेजारी आम्लाचा आकडाही धरावा.