दहा पानं, रोज संध्याकाळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी मालेगावचा, असं म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "नाशिककडचं का?" मी सांगतो, नाही हो, वाशीम जिल्ह्यातलं. अकोल्याहून वाशीमला जाताना लागतं ते. मग माझं नाव ऐकून दुसरा प्रश्न येतो, "म्हणजे उर्दूत लिहीत असाल?" मी पुन्हा सांगतो, नाही, मराठीत. हे दोन्ही प्रश्न आता अंगवळणी पडले आहेत.

कविता मी नंतर लिहायला लागलो. मराठीत बोलायचा धीर मला आधी एका कादंबरीनं दिला. बी.ए.ला होतो. घरी अम्मीची उर्दू, तीही वऱ्हाडी वळणाची, बाजारात वऱ्हाडी, आणि कॉलेजात पुस्तकी मराठी. या तिसऱ्या भाषेत तोंड उघडायची भीती वाटे. 'मला' म्हणायला जावं तर तोंडून 'मले' निघे आणि वर्गात खसखस पिके. अशात उद्धव शेळके यांची 'धग' हाती आली. १९६० सालची कादंबरी. दारिद्र्याशी झुंजत संसार ओढणारी तिच्यातली कौतिक वऱ्हाडीतच बोलते. तिच्या 'मले'-'तुले'ला मात्र कुणी हसत नव्हतं. उलट प्राध्यापक ते पुस्तक आदरानं शिकवत होते. आपली बोली छापलेली पाहून मला जे वाटलं, ते मी आजही नीट सांगू शकत नाही.

गेली काही वर्षं संध्याकाळी माझ्या ओसरीवर दहावी-बारावीची पाच-सात मुलं येतात. येतात व्याकरणासाठी. तास संपला की मी एखादी जुनी कादंबरी काढतो आणि दहा पानं मोठ्यानं वाचतो. परीक्षेत यावर प्रश्न येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचली, ती १९५५ सालची. धनगरांच्या वाडीवर आलेला पोरगेला मास्तर मुलांना आपलाच वाटला. शेवटी दुष्काळानं वाडी उठते. तो भाग संपला तरी कुणी जागचं हलेना. एकानं हळूच विचारलं, "चाचा, मंग शाळेचं काय झालं?" या एका प्रश्नात माझी सगळी फी वसूल झाली.

त्यांच्यात एक मुलगा कधी बोलतच नसे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत त्याच्या उच्चारांना सगळे हसले होते, तेव्हापासून त्यानं मौन धरलं होतं. 'धग' सुरू केली तेव्हा मी मुद्दाम पुस्तक त्याच्या हाती दिलं. "माह्याकडून नाही होत, चाचा," तो म्हणाला. म्हटलं, कौतिकचं बोलणं तेवढं वाच. पहिल्या दोन ओळी अडखळला. मग आवाज मोकळा झाला. ती भाषा त्याला शिकायची नव्हतीच, ती त्याच्या घरातली होती. इतर मुलं चूप. समोरच्या ओट्यावर शेजारची आजी सुपात तूर पाखडत होती. तिचं सूप थांबलं. तिनं तिथूनच विचारलं, "कावून रे बापू, हे बाई कोन्या गावची व्हय?"

सगळे हसले. त्या हसण्यात तो मुलगाही होता.

तो पुस्तक घरी घेऊन गेला. पंधरा दिवसांनी परत आणलं तेव्हा मुखपृष्ठावर हळदीचं बोट उमटलेलं. तो जरा घाबरतच म्हणाला, "आईले वाचून दाखोलं. तिले वाचता येत नाही. ते म्हणे, आनखी एखांदं हाये काय असं?" मी त्याला गो. नी. दांडेकरांचं 'पूर्णामायची लेकरं' दिलं. परतवाड्यात जन्मलेल्या गोनीदांनी त्यात पूर्णाकाठची माणसं त्यांच्याच बोलीत बोलती केली आहेत. 'धग'वरचा तो हळदीचा डाग मी पुसला नाही.

श्रोतेहो, हे सुख फार मोठं नाही. त्याला पैसा लागत नाही, पदवीही लागत नाही. तुमच्याही कपाटात एखादी जुनी कादंबरी पडून असेल. आज संध्याकाळी तिची दहा पानं घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. स्वयंपाकघरातून एखादी ऐकत असेल, तर आवाज थोडा चढवा.