रिकाम्या खुर्चीचे व्यक्तिचित्र

ज्यात माणूस नाही, केवळ त्याची खुर्ची आहे, अशा चित्राला व्यक्तिचित्र म्हणता येईल काय?

१८७० च्या जून महिन्यात इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स निवर्तला. त्याच्या अखेरच्या कादंबरीसाठी ल्यूक फाइल्ड्स हा तरुण चित्रकार चित्रे काढीत होता. त्याने डिकन्सच्या अभ्यासिकेतील रिकामी खुर्ची चितारली. ‘ग्राफिक’ साप्ताहिकाने ती त्या वर्षीच्या नाताळ अंकात छापली. हे मुद्रित व्हिन्सेंट व्हान गॉग या डच चित्रकाराच्या मनात घर करून राहिले.

पुढे १८८८ च्या नोव्हेंबरात, फ्रान्समधील आर्ल गावी, त्याने स्वतः दोन खुर्च्या रंगविल्या. एक त्याची स्वतःची : गवती बैठकीची, पिवळी, ओबडधोबड; दिवसाच्या उजेडात, तांबूस फरशीवर; वर चिलीम आणि तंबाखू. दुसरी त्याच्याकडे राहावयास आलेल्या पॉल गोगँची : हातांची, डौलदार; रात्रीच्या दिव्यात; वर जळती मेणबत्ती आणि दोन कादंबऱ्या. चेहरे न दाखविताही दोन स्वभाव शेजारी उभे राहिले.

गोगँ तेव्हा त्याच घरात होता. तरी त्याची खुर्ची रिकामीच रंगविली गेली. डिसेंबर सरण्यापूर्वी तो आर्ल सोडून गेला. व्हान गॉगने १८९० साली एका समीक्षकाला कळविले, की आपण मित्राची रिकामी जागा रंगविण्याचा प्रयत्न केला होता.

श्रोतेहो, आज त्या खुर्च्याही एकत्र नाहीत. एक लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रही आहे, दुसरी ॲम्स्टरडॅमला.