रिपोर्टमध्ये जंतू, अंगात आजार नाही



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी लघवीतल्या जंतूंवर बोलायला उभा आहे, कारण यातला निम्मा घोळ औषधांचा नसून आकड्यांचा आहे. कॉलेजात आरोग्य शिबिर भरतं, लघवी तपासली जाते आणि एखादीच्या रिपोर्टवर ‘बॅक्टेरिया’ किंवा ‘पस सेल्स’ असं येतं. तिला जळजळ नाही, ताप नाही, काहीच नाही. तरी संध्याकाळपर्यंत हातात अँटिबायोटिकची पट्टी येते आणि घरात कुजबुज सुरू होते.

असे जंतू किती जणींत सापडतात? अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये १८ ते ४० वयाच्या, लैंगिक संबंध असलेल्या ७९६ स्त्रियांचा सहा महिने पाठपुरावा झाला. अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या विद्यापीठाच्या गटात, काहीही त्रास नसताना घेतलेल्या दर १०० नमुन्यांपैकी सुमारे ५ नमुन्यांत जंतू भरपूर होते. म्हणजे एका मिलिलिटरला किमान १ लाख. पण पुढचा आकडा जास्त महत्त्वाचा. जंतू सापडल्यानंतर आठवडाभरात त्रास सुरू झाला तो १०० पैकी सुमारे ८ वेळा. एरवी हे प्रमाण सुमारे १. धोका वाढतो हे खरं, पण ९२ वेळा त्या आठवड्यात काहीच झालं नाही. एकच जंतू दीर्घकाळ टिकून राहणंही दुर्मीळ होतं. बहुतेक वेळा तो आपोआप गेला.

तरुण मुलांमध्ये हा प्रकार फारच क्वचित दिसतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असतो, आणि यातला नेहमीचा जंतू, ई. कोलाय, आपल्याच आतड्यात राहतो. त्याला आत शिरायला फार लांब जावं लागत नाही. शरीरसंबंधांमुळे प्रमाण वाढतं, हे लपवण्याचं कारण नाही. पण शाळकरी मुलींमध्येही ते साधारण १ ते २ टक्के आढळलं आहे. त्यामुळे रिपोर्ट वाचून मुलीच्या चारित्र्याचा हिशेब मांडणाऱ्या काकूंना, आणि काकांनाही, हे स्पष्ट सांगा: या कागदातून तसलं काही सिद्ध होत नाही.

तो १ लाखाचा आकडाही समजून घ्या. १९५० च्या दशकात बोस्टनचे एडवर्ड कास यांनी तो रूढ केला. नमुना घेताना बाहेरून मिसळलेले जंतू कोणते आणि मूत्राशयात खरोखर वाढलेले कोणते, हे वेगळं करण्यासाठी ती रेघ होती. ती आजाराची रेघ नव्हे. आमच्या सर्व्हरच्या लॉगमध्येही रोज हजारो सूचना येतात. प्रत्येक सूचनेला बिघाड मानलं तर चालू यंत्रणाच आम्ही बंद पाडू.

इथेही तेच होतं. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये पुन्हा सांगितलं की, त्रास नसलेल्या निरोगी तरुण स्त्रियांची यासाठी तपासणीही करू नये आणि औषधही देऊ नये. सोबत पस सेल्स दिसल्या तरीही. इटलीत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार संसर्ग होणाऱ्या तरुण स्त्रियांना अशा वेळी अँटिबायोटिक दिल्यावर पुढे त्रास कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. निरुपद्रवी जंतू मेले आणि जागा दुसऱ्यांना मोकळी झाली, असा त्याचा अर्थ लावला जातो.

एक मोठा अपवाद आहे: गर्भारपण. तेव्हा त्रास नसला तरी लघवीचं कल्चर करायचं आणि जंतू निघाले तर उपचार घ्यायचे, कारण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाण्याची भीती असते. तुमची ताई किंवा भाभी गर्भवती असेल तर तिला हे नक्की सांगा. मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांआधीही तपासणी लागते.

आणि त्रास असेल तर हे सगळं गणित बाजूला ठेवा. जळजळ, सारखी लघवीची घाई, लघवीत रक्त, यासाठी डॉक्टर गाठा. थंडी वाजून ताप आणि बरगडीखाली पाठीत दुखत असेल तर त्याच दिवशी जा. मेडिकलवाल्याकडून मैत्रिणीची उरलेली गोळी मागू नका.

शिबिराचे पैसे वाचलेच, तर कॉलेजच्या मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी मागा. ते नसतं म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायल्यावर त्यांचा त्रास जवळपास निम्म्यावर आला, असं २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं आहे.