देहदानाचा फॉर्म आणि घरची माणसं



बाप्पा बसलेले असताना हा विषय कशाला, असं दोघातिघांनी मला आधीच विचारलं. पण इंदूरमधली आपली घरं आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत एकत्र बसतात ती याच दिवसांत, आणि हे सगळ्यांनी मिळून ऐकायचं आहे.

देहदान म्हटलं की दधीची ऋषींचं नाव येतं. मला नानाजी देशमुख आठवतात. जन्म मराठवाड्यातला, अखेरची कर्मभूमी चित्रकूट. २७ फेब्रुवारी २०१० रोजी ते गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दिल्लीच्या एम्सला देण्यात आला. इच्छा लेखी होती, आणि भोवतालच्या माणसांनी ती पाळली.

आपलं अडतं ते या दुसऱ्या गोष्टीपाशी. मी फॉर्म भरला आहे, कार्ड पाकिटात असतं. पण मी गेल्यावर फोन करायचा तो बायकोनं किंवा मुलानं. त्यांनी नको म्हटलं, तर मेडिकल कॉलेज काही भांडायला येत नाही. आम्ही सरकारी माणसं ग्रॅच्युइटीच्या फॉर्मवर नॉमिनी लिहून निर्धास्त होतो. तिथं कागद पुरतो; इथं पुरत नाही.

आमच्याकडे आई अजून तयार नाही. आधी ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणाली, मग म्हणाली, “अग्नीच नाही तर गती कशी मिळायची?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी आमच्या गुरुजींना विचारलं. देह हाती लागला नाही तर शास्त्रात पालाशविधी सांगितला आहे, पळसाची प्रतिकृती करून तिला अग्नी देतात आणि पुढचे दिवस नेहमीसारखे करतात. देहदानातही तो आधार घेता येईल, असं त्यांचं मत पडलं. दुसऱ्या गुरुजींचं वेगळं असू शकेल. आईनं ऐकून घेतलं आणि “बघू” म्हणाली. तूर्त मी त्या ‘बघू’वर थांबलो आहे. तिला दुखवून मला हे करायचं नाही.

आता कामाचं. नेत्रदान कुठल्याही घरी होऊ शकतं, पण मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत. पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि नेत्रपेढीला फोन. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मधुमेह यांची अडचण नसते. मूत्रपिंड, यकृत हे अवयव मात्र बहुतेक वेळा मेंदू मृत झालेल्या, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचेच घेता येतात. घरी मृत्यू आला तर ते शक्य नसतं. संपूर्ण देह द्यायचा तर डॉक्टरांचं मृत्यूचं प्रमाणपत्र लागतं. पोस्टमॉर्टम झालेला किंवा काही संसर्गजन्य आजार असलेला देह कॉलेजं सहसा घेत नाहीत. डोळे दिलेला देह घेतात. म्हणजे फॉर्म भरूनही ऐनवेळी नकार येऊ शकतो, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या घाईत बिचारे गोंधळतात.

फॉर्म बाहेरच्या टेबलावर आहेत. इथं उभ्या-उभ्या भरू नका. घरी न्या. साक्षीदारांच्या दोन सह्या लागतात. त्यातली एक तरी घरातल्या, शक्यतो सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्या माणसाची घ्या.